आमची श्रुतिका आणि बुवांचा पूल

आमची सून श्रुतिका मालाडला एका कंपनीत शिव्या खायला जाते, आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे मी चारचौघांत सांगितलं की माझा मुलगा सुशांत, म्हणजे तिचा नवरा, माझ्यावर डोळे वटारतो. "आई, त्याला कस्टमर केअर म्हणतात." म्हणेनात का. ज्याच्या घरचं नेट बंद पडतं, तो तापलेल्या तव्यासारखा होऊन कंपनीला फोन लावतो, आणि तो तवा हिच्या कानाला लागतो. आधी तो मनसोक्त बोलून घेतो. कंपनी, सरकार, हिचे आईबाप, सगळ्यांचा उद्धार होतो. मग ही साखरेच्या आवाजात विचारते, "सर, राऊटरवरचे दिवे आत्ता कोणत्या रंगाचे दिसताहेत?"

राऊटर म्हणजे तो शिंगांचा डबा. भिंतीवर बसून हिरवे डोळे मिचकावतो, आणि मिचकावायचा थांबला की घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात.

श्रुतिकाचं माहेर ट्रॉम्बेचं. वडील तिथल्या सरकारी वसाहतीत बागेवर माळी होते, मूळचे आमच्यासारखेच कोकणातले. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "पोहे तू केलेस का गं?"

तर म्हणाली, "नाही, मामीने केलेत. मी केले असते तर तुम्ही दुसऱ्यांदा घेतले नसते."

मी तिथेच मनात हो म्हटलं. पोहे काय, मलाही येतात.

लग्न होऊन आली तेव्हा एका गोष्टीचं मला कोडं पडायचं. ही घरात बोलायचीच नाही. विचारलं तर हसायची. मला वाटलं, माझ्या हातचं काही आवडत नसेल. मग हळूहळू कळलं, दिवसभराचे शब्द तिकडेच खर्च होतात, घरी येते ती रिकामी पिशवी. कधीकधी मात्र पिशवीच्या तळाला राहिलेले ऑफिसातले शब्द घरात सांडायचे. दूधवाला उशिरा आला, तर त्याला पैसे आणायला आत जाताना म्हणाली, "कृपया लाईनवर राहा." तो बिचारा हातात मोबाईल नसताना थांबला. एरवी नवऱ्याला अरेतुरे करते, पण भांडण झालं की एकदम मानाने बोलते. "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," म्हणते आणि चपात्या लाटायला लागते. आता त्या माणसाने पुढे भांडायचं कुणाशी?

एक गोष्ट मात्र तिने फक्त मला सांगितली होती. इतकी वर्षं फोनवरून अख्ख्या मुलखाचे डबे दुरुस्त केले, पण स्वतःच्या हाताने एकाही डब्याला बोट लावलं नव्हतं. समोर पडद्यावर लिहिलेलं असतं, ते ही समजावून सांगते. "आई, मी पोहण्याचं पुस्तक पाठ केलेली बाई आहे," म्हणाली. "पाण्यात कधी उतरलेच नाही." घरचं नेट बिघडलं तर ती गुपचूप माणूस बोलवायची.

तिला पाण्यात ढकललं ते आमच्या बुवांनी.

बुवा म्हणजे माझे यजमान, काशीराम. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांचं सगळं गेलं, ह्यांचं भजन तेवढं राहिलं. आमच्या मालवणी मुलखात डबलबारी असते. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, समोरासमोर. एकाने आपली बारी म्हणायची, आणि देवाचं नाव घेता घेता समोरच्याला चिमटे काढायचे. मग दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची परतफेड करायची. देवही खूश, माणसंही खूश. बोरिवलीला आमच्या काजूपाड्यात सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची महापूजा असते आणि त्या संध्याकाळी डबलबारी. आमच्या इमारतीच्या समोरच, गल्ली ओलांडली की मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या हॉलमध्ये. एका बाजूला आमचे बुवा, दुसऱ्या बाजूला मुलुंडचे अनंतबुवा. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नाही, आणि एकाचं नाव काढलं की दुसऱ्याला ठसका लागतो.

या खेपेला डिसेंबरात ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जिना उतरायचा नाही. आमचा चौथा मजला, आणि लिफ्ट बिल्डरने नुसती नकाशात दाखवलेली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सव्वीस तारखेपुरता उतरलो तर?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, पडलात तर पुढच्या सव्वीस जानेवारीलाही नाही."

मंडळाची माणसं भेटायला आली. त्यांनी तोडगा काढला, "बुवा, खुर्चीत बसा. चौघं मिळून उचलून नेतो."

"मेल्यांनो," बुवा म्हणाले, "चौघांनी उचललंत की मी गायचं नसतं. तेव्हा तुम्ही गायचं असतं."

हसले सगळे. मग कुणीतरी हळूच म्हणालं, की या वर्षापुरता दुसरा बुवा उभा करूया. ते ऐकलं आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माणसं गेली तरी फिरवलेलंच. ओरडले असते तर मला चाललं असतं, जन्मभर तेच ऐकलंय. पण पेटीवरचं फडकं चार-चार दिवस निघेना, जेवण अर्धं पानात राहायला लागलं. मला भीती ऑपरेशनची नव्हती. बारी गेली तर हा माणूस भिंतीकडचं तोंड परत इकडे करेल की नाही, त्याची होती.

एका रात्री श्रुतिका पानं वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तुम्ही इथूनच गायलात तर? हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचा. तुम्ही त्यात दिसाल, आवाज स्पीकरवर. तिकडचं सगळं तुम्हाला इथे लॅपटॉपवर दिसेल."

बुवांनी भिंतीलाच विचारलं, "टीव्हीत जावन गातलंय मी?"

"हो."

"आणि पखवाज?"

"विद्याधरकाका इथे. झांजवाले इथे. सगळी बारीच इथे आणायची."

मग भिंतीकडून आवाज आला, "कालवण काय आहे आज?"

आम्हाला वाटलं, मोबाईलवर मोबाईल लावला की झालं. तालीम केली आणि वाट लागली. त्या हॉलमध्ये मोबाईलला रेंज म्हणजे वशिल्याचं काम. विद्याधर भावजींनी इथे पखवाजावर थाप मारली, की ती तिकडे सावकाश, जेवूनखाऊन पोचायची. बुवांचं तोंड एका ओळीवर आणि आवाज मागच्या ओळीवर. देवळाचे पुजारी तिकडून म्हणाले, "बुवा आणि बुवांचा आत्मा वेगवेगळे गातायत की काय?" गल्लीवरून वायर टाकावी तर पाण्याचे टँकर. गेल्या वर्षी दिव्यांची माळ टाकली होती, ती एका टँकरने गळ्यात घालून दहिसरपर्यंत नेली.

मग सुशांतच्या डोक्यात आलं. देवळाच्या हॉलमध्ये कॅमेऱ्यांसाठी नेट घेतलेलं आहे, आणि हॉलची खिडकी आमच्या गॅलरीच्या अगदी समोर. माळ्यावर आमचा जुना शिंगांचा डबा पडला होता. तो गॅलरीत ठेवायचा, त्याने समोरच्या हॉलचं वायफाय पकडायचं, आणि डब्यातून वायर लॅपटॉपला. त्याने काहीतरी खटपट केली, डबा मिचकावायला लागला, आणि थोड्याच वेळात देवळाचे सेक्रेटरी चार मजले चढून धापा टाकत दारात.

"काय लावलंयस रे, सुशांत? देवळातले कॅमेरे आंधळे झाले सगळे! दानपेटीवर नजर कुणाची आता?"

"मारुतीची!" बुवा आतून म्हणाले.

संध्याकाळी श्रुतिका आली. ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तू ह्याला कारभारी ठेवलास ना तसाच?" मला काही कळेना, तेव्हा मला शेजारी बसवून तिने सांगितलं. "आई, प्रत्येक डबा स्वतःला घरचा कारभारी समजतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाला कुठला नंबर द्यायचा, सगळं हाच ठरवतो. हॉलमध्ये एक कारभारी आधीच आहे. आपला डबा पण तिथे शिरून नंबर वाटायला लागला. कॅमेऱ्यांना कळेना, ऐकायचं कुणाचं. ते बसले गप्प."

"मग ह्याला करायचं काय?"

"ह्याला ब्रिज करायचं. पूल. पूल काय कुणाला विचारतो, तू कोण, कुठला? ह्या बाजूचं त्या बाजूला जाऊ द्यायचं, त्या बाजूचं ह्या बाजूला. मधे स्वतःचं काही चालवायचं नाही."

"म्हणजे सासूपण सोडायचं, म्हण की."

"सुटतं का पण?" ती बोलून गेली आणि जीभ चावली. मी हसले. तक्रार मात्र नोंदवून घेतली.

पण करायचं कुणी? सुशांतने डब्याला हात जोडले. शेवटी श्रुतिकाच लॅपटॉप घेऊन बसली. नुसती बसली. बोटं हवेत, कपाळावर घाम. "आई, पाठ आहे गं सगळं, पण हात उचलत नाही." मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं बघत राहिलं तर आणखी घाबरेल. तर मागून तिचा ऑफिसातला आवाज. "मॅडम, आता डाव्या बाजूच्या यादीत पाहा. सापडलं का?" आणि लगेच तिचाच घरचा आवाज, "हो, सापडलं." परत ऑफिसातला, "छान. तिथे ब्रिज असं लिहिलेलं निवडा." घरचा, "निवडलं." मी झारा हातात घेऊन दारात उभी. पोरगी स्वतःलाच फोन लावल्यासारखी बोलत होती आणि स्वतःचंच ऐकून बोटं चालवत होती. आपल्याला रोज गाऱ्हाणी सांगणारी माणसं एवढी कशी घाबरतात, ते तिला त्या दिवशी कळलं असावं.

आणि झालं हो! डब्याचा लाल दिवा हिरवा झाला. लॅपटॉपवर देवळाचा हॉल दिसला. पुजारी झाडू मारत होते. बुवांनी इथून "अहो भटजी!" अशी हाक मारली, तर त्यांच्या हातातला झाडू पडला. विद्याधर भावजींनी थाप दिली, ती तिकडे तेव्हाच्या तेव्हा वाजली. नेट फिरून कुठे कुठे जायचं नव्हतंच, इथून निघायचं आणि समोर उतरायचं. बुवांनी तालमीत लावलेली पट्टी अशी, की खालच्या मजल्यावरच्यांनी दारं लावून घेतली. मी त्या दिवशी गूळ घालून खीर केली.

सव्वीस तारीख उजाडली. श्रुतिकाने रजा मागितली होती, मिळाली नाही. झेंड्याच्या दिवशी सगळे घरी असतात, नेट जास्त चालतं, म्हणजे बंदही जास्त पडतं. जाताना म्हणाली, "बाबा, सगळं लावून ठेवलंय. डब्याला कुणी हात लावू नका."

"हात कोण लावतंय!" बुवा म्हणाले.

संध्याकाळी सुशांत खाली हॉलमध्ये, टीव्हीपाशी. वर आमच्याकडे विद्याधर भावजी, चार झांजवाले, आणि मधोमध पेटी घेऊन बुवा. पांढरं धोतर, टोपी, खुब्याखाली माझी उशी. पहिली बारी अनंतबुवांची होती. लॅपटॉपवर ते दिसले, आणि नमन संपवून त्यांनी पहिलाच चिमटा काढला. "मंडळी, आमचे काशीरामबुवा ह्या वर्षी टीव्हीत गेले! बरं झालं. इतकी वर्षं त्यांना गप्प कसं करायचं कळत नव्हतं. आता रिमोट माझ्या हातात!"

हॉल हसून कोसळला. आमचे झांजवालेही हसले, बुवांनी बघितलं तसे थांबले.

"थांब तुझ्या रिमोटाक..." बुवा पुटपुटले, आणि एकदम त्यांना आठवलं. "अगो, वाद्यांची पूजा राहिली!"

बारीला बसण्याआधी वाद्यं देवापुढे मांडून हळदकुंकू वाहायचं, हा ह्यांचा नेम. हॉलमध्ये असते तर आल्या आल्याच झाली असती. घरी बसल्यामुळे विसरले. बसल्या जागी पेटीला कुंकू झालं, पखवाजाला झालं, झांजांना झालं. मग म्हणाले, "तो डबो आण."

"अहो, ती म्हणाली हात लावू नका."

"हात नाही लावत, कुंकू लावतो. आज तोही वाद्यच. त्याच्यातूनच माझा आवाज जायचा."

"वायर काढावी लागेल."

"वायर कशाला काढतेस? देवापुढे विझलेलं काही ठेवू नये. लांब आहे वायर, येईल."

डबा गॅलरीच्या दारातून जेमतेम ह्यांच्यापर्यंत आला. ह्यांनी त्याला पालथा निजवला, पोटावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. अगरबत्ती लावली आणि खोचायला जागा बघायला लागले. डब्याच्या पोटाला एक बारीक भोक होतं. "बघ, सोय करूनच दिलीय," म्हणाले आणि काडी त्यात दाबून घट्ट उभी केली.

लॅपटॉपवर अनंतबुवांनी तान घ्यायला तोंड उघडलं होतं. ते उघडंच राहिलं.

"बघ!" बुवांनी मला दाखवलं. "पूजा पावली. गप्प झाला."

विद्याधर भावजींना मात्र शंका आली. "बुवा, हे नुसते गप्प नाय झाले, पापणी पण लवत नाही त्यांची." तेवढ्यात समोरच्या खिडकीत सुशांत दिसला, दोन्ही हात हलवत होता. मोबाईलवर ओरडला, "आई, इकडे टीव्ही काळा झालाय! काय केलंत?" डब्याचे सगळे दिवे एकदम लागत होते, एकदम विझत होते. श्रुतिकाला फोन लावला, उचलेना. कामावर त्यांचे मोबाईल कुलपात असतात. पुन्हा लावला. पुन्हा. खाली अनंतबुवांची बारी चालूच होती, गॅलरीतून ऐकू येत होती. ती संपली की ह्यांची पाळी. सुशांतचा परत फोन, "सेक्रेटरी विचारतायत, पुढची बारी रद्द म्हणून सांगू का?"

बुवांनी पेटीचा भाता बंद केला आणि हळूच भिंतीकडे बघितलं.

"सांग त्यांना, दम धरा," मी सुशांतला म्हटलं. "बुवा तोंड धुतायत."

आणि फोन वाजला. श्रुतिका. चहाच्या सुट्टीत कुलूप उघडून माझे फोन बघितले होते तिने. मी एका श्वासात सगळं सांगितलं, म्हणजे रडलेच. तिकडून साखरेचा आवाज आला. "काळजी करू नका, मॅडम. आपण करू. आत्ता दिव्यांचा रंग कोणता दिसतोय?"

"अगं मी मॅडम कसली..."

"सॉरी, आई. सवय."

"राहू दे, मॅडमच म्हण. धीर येतो."

मी दिवे सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, डब्याच्या खाली एक बारीक भोक आहे. ते दाबलं की डबा सगळं विसरतो. त्यात कुणी काही घातलं होतं का?"

मी बुवांकडे बघितलं. बुवांनी छताकडे बघितलं.

"घातलं होतं नाही," मी म्हटलं, "आहे."

"काय आहे?"

"अगरबत्ती."

मालाडहून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. हसत होती की रडत होती, मला आजही सांगत नाही. मग म्हणाली, "अशी तक्रार पहिल्यांदाच आली, मॅडम. आधी ती काढा."

"अर्धी जळालेली अगरबत्ती काढायची?" बुवा कडाडले. "अपशकुन!"

"बाबांना सांगा, विझवायची नाही. केळ्यात खोचा."

केळं प्रसादाचं होतंच. अगरबत्ती केळ्यात गेली आणि डबा शांत झाला. आता त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं होतं, आणि लॅपटॉपवर बोटं कुणाची चालायची? बुवांना वाकता येईना. विद्याधर भावजींचे हात कणकेने बरबटलेले, पखवाजाच्या एका बाजूला कणीक थापतात ना. झांजवाल्यांनी हात मागे घेतले. मी चौथीपर्यंत शिकलेली, आकडे येतात, इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. मोबाईल स्पीकरवर ठेवला आणि बसले.

"मॅडम, डब्याच्या पोटावर चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यावरचे आकडे वाचा." चिठ्ठीवर हळदकुंकू. पदराने पुसलं, वाचलं. तिने सांगितले ते आकडे दाबले, टिंबं दाबली, चिठ्ठीवरचा शब्द जुळवून दाबला. डब्याचं पान उघडलं. यादीत कितवी ओळ, तिथे बाण नेऊन दाबा, आता खाली, आणखी खाली, आता सहा अक्षरी शब्द शोधा, त्यात पहिलं अक्षर दोन पोटांचं. ब्रिज तो. सापडला! मग हॉलचं नाव निवडलं, आणि आला पासवर्ड. तो इंग्रजीत मारुती असा होता.

"पहिलं अक्षर, दोन डोंगर जोडलेले."

"दाबलं."

"मग घराचं छप्पर, मधे वासा."

"दाबलं."

"आता पोट पुढे काढून एक पाय तिरका टाकलेली बाई."

"आमची सोनूबाई!" एक झांजवाला म्हणाला. सोनूबाई त्याची बायको. बुवांनी त्याच्याकडे बघितलं.

"मग पेला. मग खांबावर आडवी फळी. शेवटी नुसती काठी."

"दाबलं, मॅडम."

"आता नंबर वाटायचं काम बंद, असा एक चौकोन आहे, त्यातली खूण काढा. नाहीतर सेक्रेटरी परत वर येतील." काढली. "आता सगळ्यात खालचं बटण."

डबा विझला. खाली अनंतबुवांचा गजर टिपेला पोचला होता, म्हणजे बारी संपत आली. एक दिवा लागला. लाल. लालच. मग डोळा मिचकावला, आणि हिरवा झाला. लॅपटॉपवर अनंतबुवा हलायला लागले.

"आला गं!" मी ओरडले. "तोंड अजून उघडंच आहे अनंतबुवांचं!"

तिकडे मागे घंटा वाजली. "आई, सुट्टी संपली, फोन ठेवते. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद," म्हणाली आणि गेली. बुवांचा एक सूरसुद्धा न ऐकता परत शिव्या खायला गेली.

बुवांनी भाता उघडला. नमन झालं, अभंग झाला, गौळण झाली. आवाज असा लागला की विद्याधर भावजी वाजवता वाजवता मान हलवत होते. आणि मग गजरात, तिथल्या तिथे रचून, लॅपटॉपकडे बोट करून सोडलं,

"रिमोट घेऊन बसला बाई मुलुंडकर शहाणा,
बटण दाबून दमला तरी हा गप्प काही होईना!"

हॉलमधला हशा दोन्हीकडून आला, लॅपटॉपमधून आणि गॅलरीतून. टीव्हीपुढे माणसं उठून नाचत होती. मी पाहिलं, अनंतबुवा स्वतः टाळ्या वाजवत होते.

बारी संपल्यावर दोघं बुवा एकमेकांना मिठी मारतात, अशी रीत आहे. टीव्हीला मिठी कशी मारणार? म्हणून अनंतबुवा गुडघे धरून चार मजले चढले. दारात टेकले आणि म्हणाले, "काश्या, टीव्हीत बरो दिसतस. पण तिथेच ऱ्हव, माझो त्रास वाचात." मग दोघं गळ्यात पडले, ते सुटेनात. मी चहा टाकला.

श्रुतिका आली तेव्हा सगळे पांगले होते. दारातच तिने विचारलं, "झाली?" आवाज पार बसलेला.

"तुझी कंपनी शेवटी विचारते ना," बुवा म्हणाले, "सेवा कशी वाटली, पाचातले किती गुण? मी साडेचार दिले."

"अर्धा कशाला कापला?"

"देवाची अगरबत्ती हलवायला लावलीस."

ती हसली आणि बसली. मी पान वाढलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "सगळ्यांनी ऐकली. मीच नाही ऐकली, बाबा."

ह्यांचा गळा दुखत होता, मला माहीत होतं. तरी पेटी ओढली. पखवाज नव्हता, मी पिठाचा मोठा डबा पालथा घालून ठेका धरला, सुशांतने पळीने ताटली वाजवली. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती मान हलवत होती. तिसऱ्याला भिंतीला टेकली. हातात घास तसाच आणि डोळे मिटलेले.

मी ठेका थांबवला. बुवांनी मानेनेच सांगितलं, चालू दे, हळू. आणि आवाज खाली आणला, अगदी खाली, पाळण्यापाशी गातात तितका. जन्मभर ज्या माणसाला वरच्या पट्टीशिवाय गाता येत नाही म्हणून ख्याती, त्याने उरलेली सगळी गौळण तशी संपवली. रिमोटच्या ओळी मात्र म्हटल्या नाहीत. त्या म्हणताना हळू राहता येत नाही, म्हणाले.